दुपारचं युनिट, रात्रीचं युनिट

महावितरणचं उच्चदाब ग्राहकांसाठीचं काही वर्षांपूर्वीचं दरपत्रक पाहिलं तर त्यात दिवसाचे तुकडे पाडलेले दिसतात. रात्री १० ते सकाळी ६ या वेळात वीज वापरली तर युनिटमागे दीड रुपया सूट. सकाळी ९ ते १२ मध्ये वापरली तर ८० पैसे जादा. संध्याकाळी ६ ते १० मध्ये १ रुपया १० पैसे जादा. कारखानदाराने रात्रपाळी चालवावी आणि सकाळची गर्दी टाळावी, असा त्यामागचा साधा हेतू. आता १ जुलै २०२५ पासूनचे दर बघा. घरात टीओडी, म्हणजे वेळेनुसार वापर नोंदवणारा मीटर असेल तर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळातल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सूट मिळते. म्हणजे ज्या तासांना वीज वापरल्याबद्दल दंड होता, त्याच तासांना आता बक्षीस आहे.

हा उलटफेर सूर्याने घडवला. दुपारी राज्यात सौरवीज इतकी येऊ लागली आहे की तिला गिऱ्हाईक शोधावं लागतं. घराच्या गच्चीवर पॅनेल लावून ‘बिल शून्य’ करणाऱ्या लाखो कुटुंबांचा सगळा व्यवहार ज्या गृहीतकावर उभा आहे, ते गृहीतक यामुळे हललं आहे. दुपारी दिलेलं एक युनिट आणि रात्री घेतलेलं एक युनिट सारख्याच मोलाचं, हे ते गृहीतक.

ही कल्पना कुठल्या आयोगाच्या बैठकीत निघाली नाही. ती मीटरच्या चकतीतून आली. १९७०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये स्टीव्हन स्ट्राँग या वास्तुरचनाकाराने इमारतींवर सौर पॅनेल बसवली. त्या काळचे मीटर आपल्याकडे जिन्याखाली असायचे तसलेच, काचेआड चकती फिरणारे. वीज घरात येताना चकती सुलटी फिरायची, आणि घरातली जास्तीची वीज बाहेर जाऊ लागली की तीच चकती उलटी फिरून आकडे मागे न्यायची. वजाबाकी यंत्रच करत होतं, वेगळं धोरण करायची गरज पडली नाही. मिनेसोटा राज्याने १९८३ मध्ये ४० किलोवॅटपेक्षा लहान संचांसाठी त्याचा कायदा केला आणि पुढे जगभर हीच वजाबाकी ‘नेट मीटरिंग’ या नावाने चालू झाली. यंत्राच्या सोयीतून जन्मलेली व्यवस्था पुढे लोकांना हक्क वाटू लागते. इथेही तेच झालं, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. मात्र ती मुळात सोय होती, हे लक्षात ठेवलेलं बरं.

महाराष्ट्रात वीज नियामक आयोगाने नेट मीटरिंगचे विनियम २०१५ मध्ये काढले आणि २०१९च्या डिसेंबरात ते नव्याने लिहिले. आता मीटरला चकती नाही. त्यात दोन नोंदी असतात, आयात आणि निर्यात. घरात वीज किती आली आणि घरातून तारेवर किती गेली, एवढंच हा मीटर जाणतो. छतावर एकूण किती तयार झाली ते दुसरा मीटर सांगतो, सोलर मीटर किंवा जनरेशन मीटर. पहिल्या बिलाला घरोघर जो गोंधळ उडतो तो या दोन मीटरांमुळेच.

उदाहरण घेऊ. नागपुरातलं एक बैठं घर धरा. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत राज्यात आघाडीवर असलेल्या जिल्ह्यांपैकी नागपूर एक आहे, आणि तिथला मे महिना सर्वांना माहीत आहे. घराचा त्या महिन्याचा वापर ४५० युनिट. गच्चीवर ३ किलोवॅटचा संच. आपल्याकडे एका किलोवॅटमागे दिवसाला सरासरी ४ युनिटं धरतात. म्हणजे महिन्याला ३५० ते ३६०, आपण ३५० घेऊ. (मे महिन्यात ऊन सर्वात कडक म्हणून वीजही सर्वात जास्त, असा एक समज आहे. तसं नसतं. पॅनेल तापलं की त्याची क्षमता उतरते. स्वच्छ आकाशाचा थंड दिवस त्याला जास्त मानवतो.) या ३५० पैकी १२० युनिटं दिवसा फ्रिज, पंखे, कूलर, पाण्याची मोटार यांनी तिथल्या तिथेच खाल्ली. ती नेट मीटरपर्यंत पोचलीच नाहीत. उरलेली २३० तारेवर गेली. संध्याकाळ ते सकाळ या वेळात घराने बाहेरून ३३० घेतली. बिलावर आयात ३३०, निर्यात २३०, आकारणी १०० युनिटांची. ‘सोलर मीटर ३५० दाखवतो आणि बिलात २३०च, मधली १२० कुठे गेली’ हा प्रश्न घेऊन माणूस वीज कार्यालयात जातो. ती त्याच्याच कूलरने खाल्ली आहेत. काउंटरवर हे नीट समजावून सांगणारं कुणी भेटलं तर नशीब.

आता पैसे. २०२४-२५च्या दरपत्रकात घरगुती ग्राहकाला वहन आकार धरून पहिल्या १०० युनिटांना ५ रुपये ८८ पैसे पडत होते, १०१ ते ३०० ला ११ रुपये ४६ पैसे, ३०१ ते ५०० ला १५ रुपये ७२ पैसे आणि ५००च्या वर १७ रुपये ८१ पैसे. नंतर दर बदलले, पण ही चढण कायम आहे. स्थिर आकार आणि वीज शुल्क बाजूला ठेवलं तर सोलर नसताना या घराचं बिल ५,२३८ रुपये झालं असतं. सोलर आल्यावर उरलेल्या १०० युनिटांचे ५८८. वाचले ४,६५०. म्हणजे छतावरच्या प्रत्येक युनिटाची या घराला सव्वातेरा रुपयांहून थोडी जास्त किंमत मिळाली, कारण वजाबाकी वरच्या, महाग पायऱ्यांपासून सुरू होते.

दुसरं घर घ्या, त्याच शहरातलं. वापर ९५ युनिट, दोन पंखे, एक टीव्ही, छोटा फ्रिज. गच्चीवर १ किलोवॅट. महिन्याची वाचलेली रक्कम जास्तीत जास्त ५५९ रुपये. सूर्य तोच आणि पॅनेलही त्याच जातीचं, तरी इथे युनिटाची किंमत ५ रुपये ८८ पैशांवर जात नाही.

सूर्यघर योजनेच्या पत्रकात ही तफावत छापत नाहीत. केंद्राचं अनुदान २ किलोवॅटपर्यंत प्रत्येक किलोवॅटला ३०,००० रुपये, तिसऱ्या किलोवॅटला १८,०००, आणि मग ७८,००० वर थांबतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये ७५,०२१ कोटींची तरतूद आणि १ कोटी घरांचं लक्ष्य घेऊन ही योजना आली. लहान घराकडे अनुदान झुकतं ठेवलं आहे, हे चांगलंच. पण नेट मीटरिंगमधून दर महिन्याला होणारा फायदा उलट दिशेने, मोठ्या बिलाकडे झुकतो. राज्य सरकारने मग १०० युनिटांखालच्या ग्राहकांसाठी आपल्या खिशातून जादा रक्कम घालणारी ‘स्मार्ट’ योजना काढली. त्यात दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला १ किलोवॅटसाठी स्वतःचे २,५०० रुपयेच घालावे लागतात. हे करावं लागलं, कारण निव्वळ वजाबाकीच्या जोरावर त्या घराला सोलर परवडत नव्हतं.

वीज कंपन्यांची तक्रार याच पायऱ्यांशी जोडलेली आहे. वरच्या पायरीवरचा ग्राहक चढा दर देतो तेव्हा त्यातून खालच्या पायरीवरच्या ग्राहकाची आणि शेतीपंपाची वीज स्वस्त राहते. तोच ग्राहक गच्चीवर पॅनेल लावून पहिल्या पायरीवर उतरला की ती रक्कम आटते, पण खांब, तारा, डीपी (रोहित्र) आणि रात्रीची वीजनिर्मिती यांचा खर्च आहे तिथेच राहतो. हा युक्तिवाद खोटा नाही. त्याचा दुसरा भाग मात्र कंपन्या हळू आवाजात बोलतात. पायऱ्या इतक्या उंच कुणी केल्या? मधल्या वर्गाच्या घरावर इतकी चढी आकारणी ठेवायची आणि मग तो गच्चीवर पळाला की त्याला दोष द्यायचा, हे काही पटत नाही.

दुपारच्या विजेचा भावच आता उतरला आहे, ही त्याहून मोठी गोष्ट. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये १६,००० मेगावॅटचे सौर प्रकल्प उभे करून शेतीला दिवसा वीज द्यायची आहे. त्यातले करार युनिटला तीन रुपयांच्या आसपासचे आहेत. कंपनीला दुपारची वीज तीन रुपयांना दारात मिळत असताना आपल्या गच्चीवरची तीच वीज ती रात्रीच्या विजेच्या बदल्यात घेते. मे महिन्यात हापूसची पेटी शेजाऱ्याकडे ठेवायला द्यावी आणि दिवाळीत तेवढीच पेटी हापूस परत मागावा, असा हा सौदा. पहिल्या चार पेट्यांना शेजारी नाही म्हणत नाही. साऱ्या आळीने पेट्या आणून ठेवल्या की तो बोलू लागतो.

आणि तो बोलू लागला आहे, फार पूर्वीपासून. २०१९च्या मसुद्यात आयोगाने महिना ३०० युनिटांपर्यंतच्या घरगुती ग्राहकांनाच नेट मीटरिंग ठेवावं आणि इतरांची बाहेर जाणारी वीज ठरावीक, कमी दराने विकत घ्यावी, असं सुचवलं होतं. गदारोळ झाला आणि अंतिम विनियमांत नेट मीटरिंग टिकलं. मग ३१ डिसेंबर २०२० ला केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांत १० किलोवॅटच्या वर नेट मीटरिंग नको असं आलं. पुन्हा गदारोळ, आणि २०२१च्या जूनमध्ये ती मर्यादा ५०० किलोवॅटवर गेली. हक्कांच्या नियमावलीतून एक हक्क काढून घेण्याचा हा प्रकार सहा महिने टिकला.

२०२५ची लढाई जास्त बारीक होती आणि म्हणून जास्त धोक्याची. २०१९च्या विनियमांत एक कलम आहे. वेळेनुसार दर लागू असलेल्या ग्राहकाने ठरावीक तासांत दिलेली वीज आधी त्याच तासांतल्या वापरातून वजा करायची, आणि तरीही उरलेली वीज कमी मागणीच्या तासांत दिली असं धरायचं. कलम लिहिलं तेव्हा कमी मागणीचे तास म्हणजे रात्र. तेव्हा ते कलम कुणाला टोचलं नाही. कमी मागणीचे तास सकाळी ९ ते ५ झाले आणि त्याच कलमाचा अर्थ फिरला. दुपारी दिलेली वीज दुपारच्याच वापरातून वजा होणार, रात्रीचं बिल रोख भरायचं. कायद्यातला एक शब्दही न बदलता नेट मीटरिंग आतून पोकळ होऊ शकतं, ते असं. महावितरणच्या दरप्रस्तावानंतर छतधारक ग्राहकांनी सुनावण्यांत आवाज उठवला. आयोगाचा २८ मार्चचा आदेश, त्याला २ एप्रिलची स्थगिती, मग २५ जूनचा फेरआदेश, इतकी वळणं झाली. घरगुती छतधारक या वेळेच्या कप्प्यांतून बाहेर राहिले. त्यांची दुपारची वीज आजही रात्रीच्या वापरातून वजा होते. उद्योग आणि व्यापारी ग्राहकांना ती मुभा उरली नाही.

इतरत्र काय झालं ते पाहिलं तर पुढचा रस्ता दिसतो. कॅलिफोर्नियाने १५ एप्रिल २०२३ नंतरच्या नव्या ग्राहकांसाठी बाहेर दिलेल्या विजेचा मोबदला सुमारे तीन चतुर्थांशाने उतरवला. तिथे नवं सोलर आता बॅटरीसकट विकलं जातं. जुन्या ग्राहकांना मात्र ठरलेल्या मुदतीपर्यंत जुन्याच अटी राहिल्या. मला यातला हा शेवटचा भाग महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे नेट मीटरिंगचा करार २० वर्षांचा आहे. पॅनेल २५ वर्षं टिकतं. कर्ज काढून, निवृत्तीचे पैसे मोडून संच बसवणारा माणूस बँकेच्या व्याजाशी तुलना करून हिशेब मांडतो, आणि त्याचा हिशेब चार-पाच वर्षांत पैसे वसूल होतील असा असतो. नव्याने येणाऱ्यांसाठी नियम बदलायचे तर बदलावेत. दुपारची वीज स्वस्त झाली हे सत्य कुणी अडवू शकत नाही. पण आधी सही केलेल्याच्या पायाखालचा नियम दर पाच वर्षांनी हलवणं म्हणजे पुढच्या सरकारी योजनेवरचा विश्वासही घालवणं.

गच्चीवरून खाली डीपीपाशी येऊ. सोलर लावलं तरी लाइट गेली की घरात अंधारच होतो, हा बहुतेकांना पहिल्याच पावसाळ्यात बसणारा धक्का. डोक्यावर ऊन असतं, पॅनेल ठीक असतात, तरी इन्व्हर्टर बंद. तो मुद्दामच तसा बनवलेला असतो. लाइन बंद आहे असं समजून वायरमन खांबावर चढला आणि कुणाच्या तरी गच्चीवरून तारेत वीज उतरली तर त्याचा जीव जाईल. म्हणून तारेवर वीज नसेल तर ऑनग्रिड इन्व्हर्टर स्वतःहून हात आवरतो. लोडशेडिंगवर उपाय म्हणून सोलर घेणाऱ्याला विकणाऱ्याने हे आधी सांगायला हवं. बरेच जण सांगत नाहीत, कारण त्यासाठी लागणारा हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी म्हटलं की किंमत ऐकून गिऱ्हाईक उठून जातं.

दुसरी अडचण उलटी आहे. गावाकडच्या एखाद्या डीपीवर दुपारी माणसं शेतात, घरं बंद, आणि आठ-दहा गच्च्यांवरून वीज तारेत शिरते. तारेवरचा व्होल्टेज चढतो. ठरल्या मर्यादेपलीकडे तो गेला की इन्व्हर्टर सुटतो, काही मिनिटांनी पुन्हा लागतो, पुन्हा सुटतो. सूर्य ऐन भरात असताना उत्पादन तुटक होतं आणि घरमालकाला वाटतं पॅनेल खराब निघाली. डीपीच्या क्षमतेच्या किती टक्क्यांपर्यंत छतावरचे संच जोडायचे याला विनियमांत मर्यादा आहे. २०१५ मध्ये ती ४० टक्के होती, २०१९ मध्ये ७० केली. दुसरीकडे २०२४च्या केंद्रीय दुरुस्तीने १० किलोवॅटपर्यंतच्या घरगुती अर्जाला तांत्रिक तपासणीतून सूट दिली. अर्ज लवकर मंजूर होतो, हे उत्तमच. पण डीपीही त्याच गतीने बदलला पाहिजे, आणि त्याचा खर्च पॅनेलच्या जाहिरातीत नसतो.

सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम म्हणून गाजली. साऱ्या गावाच्या छतांवर संच आणि वीज गावाची गावाला. तिथे घरं थोडी, छतं मालकीची, गाव एकदिलाचं. शहरात नेमकं हेच तिन्ही नसतं. एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट मोकळी, सावली न पडणारी गच्ची लागते. पुण्यातल्या अकरा मजली इमारतीत ४४ फ्लॅट असतील तर गच्चीचा जेवढा तुकडा प्रत्येकाच्या वाट्याला येतो तेवढ्यात एका किलोवॅटचा संचही धड मावत नाही, आणि त्याच गच्चीवर टाक्या, लिफ्टची खोली, डिश, वाळवणं. म्हणून सोसायट्या सामायिक मीटरवर सोलर घेतात, लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातल्या दिव्यांसाठी. केंद्राचं अनुदान तिथे किलोवॅटला १८,००० आहे. सामायिक मीटरचं बिल उतरलं की देखभाल वर्गणी उतरायला हवी. ती उतरते की नव्या रंगकामाच्या निधीत जाते, हे ज्याने त्याने आपल्या सर्वसाधारण सभेत विचारावं.

गच्ची नसलेल्यांसाठी व्हर्च्युअल नेट मीटरिंग हा मार्ग आहे. पॅनेल एका जागी, युनिटांची वाटणी अनेक मीटरांच्या बिलांत. दिल्लीच्या आयोगाने त्याची मार्गदर्शक तत्त्वं २०१९ मध्येच काढली. भाडेकरू आणि चाळकरी यांना सूर्याचा वाटा मिळायचा असेल तर तो असाच मिळेल. स्वतःची गच्ची असणं ही आजच्या योजनेची न लिहिलेली पात्रता आहे, आणि मुंबईसारख्या शहरात ती फार थोड्यांकडे आहे.

आता एक बारीक गोष्ट. अनेकांच्या लक्षात ती पहिल्या एप्रिलच्या बिलाला येते. महिनाअखेर निर्यात आयातीपेक्षा जास्त झाली तर उरलेली युनिटं पुढच्या महिन्यात जमा होतात. ऑक्टोबरात पावसाचे ढग हटले की उत्पादन वाढतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पंखेही बंद, हवा थंड, आकाश निरभ्र. युनिटं साचत जातात. विदर्भातल्या ३ किलोवॅटच्या घरात या काळात दोन-अडीचशे युनिटं सहज शिल्लक पडू शकतात. मग ३१ मार्च येतो. विनियमांप्रमाणे आर्थिक वर्ष संपलं की शिल्लक युनिटांचा हिशेब बंद होतो, कंपनी ती ठरलेल्या दराने विकत घेते आणि १ एप्रिलला खातं शून्यावर येतं. तो दर घराच्या वरच्या पायरीच्या दरापेक्षा कितीतरी कमी असतो. थंडीत साठवलेली युनिटं कूलर आणि एसी लागायच्या ऐन तोंडावर अशी हातातून निघून जातात, आणि मे महिन्यात तेच घर महाग पायरी चढतं.

जाणती माणसं यावर आपापले उपाय करतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये गॅस बाजूला ठेवून इंडक्शनवर स्वयंपाक, गिझर दुपारी, घरघंटीवर वर्षाचं दळण, इलेक्ट्रिक स्कूटर घरीच चार्ज. काही जण मुळातच एक पॅनेल कमी लावतात. हे सगळं ठीक आहे, पण दोष घराच्या वापरात नाही, तारखेत आहे. आपल्याकडचं सौरवर्ष मार्चमध्ये संपत नाही. थंडीची बचत उन्हाळ्यात खर्ची पडते आणि पावसाळ्यात उत्पादन खाली येतं. म्हणजे खातं स्वाभाविकपणे रिकामं होतं ते सप्टेंबरच्या सुमाराला. हिशेबाची तारीख ३१ मार्चवरून ३० सप्टेंबरवर नेली तर बहुतेक घरांची शिल्लक विकायची वेळच येणार नाही. कंपनीच्या ताळेबंदाला आर्थिक वर्ष सोयीचं असतं हे खरं, पण तिच्याकडे महिन्यागणिक युनिटांची नोंद असतेच. पुढच्या वेळी विनियमांचा मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध झाला की छतधारकांनी इतर मागण्यांबरोबर ही एक ओळ लिहून पाठवावी.